भाणजीचं नाव

कच्छमधल्या मांडवी बंदराजवळच्या त्या छोट्या संग्रहालयात कंकुमा दर शनिवारी पाहुण्यांसमोर रडायची. खोटं नाही सांगत, कामच ते तिचं. खारव्यांच्या, म्हणजे दर्यावर जाणाऱ्यांच्या, बायका मेलेल्याचं नाव घेऊन मरशिया, म्हणजे मरणाची गाणी, गातात, 'हाय हाय' करत छाती बडवतात. शहरातल्या लोकांना ते बघायचं असतं. बघा बापडे! कंकुमा नाव पुकारायची, की तिच्यासकट पाचही जणींचे हात छातीवर पडायचे. नाव बनवलेलं, वेलजी. नऊ वर्षांत त्या बिचाऱ्या वेलजीला कितीदा मारलं, गणतीच नाही.

आता मात्र तिचा स्वतःचा मुलगा भाणजी बेपत्ता होता. ओमानच्या सलालाहून निघालेलं त्याचं गलबत बेचाळीस दिवस कुठल्याच बंदराला लागलं नव्हतं. धक्क्यावरची माणसं तिला बघून बोलणं बदलायची. पण कंकुमाच्या घरात मानायचे, की बायका नाव घेऊन छाती बडवतात तेव्हाच दर्यावरचा माणूस मेला. तोवर तो वाटेवर. तेवढ्यावरच ती जीव धरून होती. सून मणी भिंतीकडे तोंड करून बसायची, जेवायची नाही. तिला घरी एकटीला सोडवेना, म्हणून त्या शनिवारी कंकुमाने तिला बरोबर आणलं.

संग्रहालयाच्या साहेबांना तिने बाजूला घेतलं. "साहेब, आज मरण नको. लग्नाची गाणी म्हणते." कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती, तरी भला माणूस हो म्हणाला.

कंकुमाने गाणं असं खणखणीत धरलं, की दर्यापार भाणजीला ऐकू जावं. व्याह्याची टिंगल, वऱ्हाडाला शिव्या. पाहुणे खदखदून हसले. ती पुढचं कडवं घेणार, तोच मणी उठून मधोमध आली.

"मा, पुरे करा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं आता वाट बघवत नाही."

आणि आजवर कधी न घेतलेलं नवऱ्याचं नाव तिने मरशियाच्या सुरात पुकारलं. "भाणजी रे, माझ्या भाणजी..."

हाय हाय! नऊ वर्षांची मेली सवय. नाव आलं, हात पडले. दुसऱ्या ठोक्याला बायका भानावर आल्या. एकीने तोंडात पदर कोंबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कंकुमा त्यांच्यावर ओरडायला वळली. रांडांनो, माझ्या पोराला मारलंत! म्हणणार, तोच तिने खाली बघितलं. तिच्या स्वतःच्या छातीवर तिचाच तळहात चरचरत होता.