फरसाणच्या डब्यापासून जंगलापर्यंत

बाबा कोपरीतल्या एका फरसाणच्या कारखान्यात तळणीवर असतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी पामतेल निवडलं ते त्यामुळेच. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही. प्रोजेक्ट कसा करतात हे विचारायला कोणी नव्हतं. तेल तरी ओळखीचं होतं.

कारखान्यातल्या डब्याचा मी फोटो काढला. डब्यावर तेल कंपनीचं नाव होतं. तिच्या वेबसाइटवर इंडोनेशियातल्या कोणत्या गिरण्यांकडून तेल येतं याची यादी होती, कोणीही बघावी अशी. त्या गिरण्या मी उपग्रहाच्या नकाशावर शोधल्या. जिथे जंगल तुटलंय तिथे या नकाशावर गुलाबी ठिपके दिसतात. एका गिरणीभोवती सगळं गुलाबीच होतं. तिथून मी रेघ ओढली, समुद्रावरून, बंदरातून, थेट कोपरीपर्यंत.

"शेवटचं टोक घरापर्यंत आणलंस," कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझं नाव प्रोजेक्टच्या स्पर्धेला दिलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटायचं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बाबांना नकाशा दाखवला.

"हे काय गं, गोवर आलाय का याला?"

"तिथे जंगल होतं, बाबा. आपलं तेल तिथून येतं."

"कोणी सांगितलं?"

"डब्यावर लिहिलंय."

बाबा हसले. "तो डबा दिवाळीपासून फिरतोय. रिकामा झाला की तेलवाल्याकडे जातो, तो टाकीतलं सुटं तेल भरून देतो. आपल्या फ्रिजमध्ये आइस्क्रीमचा डबा आहे, त्यात काय आहे?"

"मिरच्या."

"मग?"

"टाकीत कुठलं तेल येतं?"

"टँकर येतो. त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचत बसू का मी, कढई सोडून?"

मी गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. बाबांनी सांगितलेलं मॅडमना कळणार नव्हतं, परीक्षकांनाही नाही. रेघ तशीच ठेवली असती तर नकाशा छान दिसला असता. पण बाबांच्याच कारखान्यातल्या डब्याबद्दल मी खोटं सांगणार होते.

सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठरव तू." मी बंदरापासून कोपरीपर्यंतची रेघ खोडली आणि तिथे तुटक रेघ काढली. शेजारी लिहिलं, 'इथून पुढे माहीत नाही.'

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "मग तुमच्या वडिलांचं तेल कुठलं?"

"माहीत नाही, सर."

माझा नंबर आला नाही. घरी सांगितलं तर बाबा नुसतं हं म्हणाले. दोन-तीन दिवसांनी त्यांनी खिशातून फरसाणच्या पुडीचा तेलकट कागद काढला. त्यावर त्यांच्या अक्षरात टँकरचा नंबर होता.

तो कागद माझ्या वहीत आहे. त्या नंबरावरून पुढे कुठे जायचं, हे अजून सापडलेलं नाही. मी रोज थोडं शोधते.