चाळीस सेकंदांचा वैद्य

काटेवाल्याची नोकरी म्हणजे बसून खायची, असं त्याचा मेव्हणा चारचौघांत सांगायचा. काटेवाला म्हणायचा, "ये एक दिवस. बसून दाखव." मेव्हणा काही आला नाही.

रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, त्याला लागून पत्र्याची केबिन, आणि केबिनीत हा. रिकामा ट्रक आला की वजन, भरून आला की पुन्हा वजन. वजाबाकी मशीन करायचं, शिक्का हा मारायचा आणि पावती खिडकीच्या फटीतून बाहेर सरकवायचा. अठरा वर्षं हाच धंदा. कित्येक ड्रायव्हरांनी त्याचा नुसता हातच पाहिलेला. जराशी पावती अडकली की ते भोंगा दाबून धरायचे, जसं काही मशीन ह्याच्या सासऱ्याचं आहे आणि ह्यानेच मुद्दाम बंद पाडलंय.

दुपारी दोन ते साडेतीन माल चढवणारे जेवायला जात, आणि काटा सुना पडे. तेवढा वेळ काटेवाला मोबाईलवर खेळायचा. ऑनलाइन खेळ, पाच जणांच्या टीमचा. पाचांनी मिळून गुहेत शिरायचं, राक्षस मारायचा, पुढच्या गुहेत जायचं. खेळ फुकट. सहा वर्षांपूर्वी सुरू करताना त्याला विचारलं होतं, कोण होणार? जो तो तलवार घेतो. ह्याने वैद्य घेतला. तलवारीला अंगठे सटासट चालावे लागतात, वैद्याला नुसता दम लागतो. दम धरणं एवढंच तर त्याला येत होतं.

बाकीचे चौघं कुठले कुठले. त्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नव्हती, कानात आवाज तेवढे. एक निवृत्त शाळामास्तरीण, ती टीमची म्होरकी, तिला सगळे बाई म्हणत. एक टँकरवाला. एक वॉचमन, रात्रपाळी करून दुपारी उठणारा. आणि घरी शिवणकाम करणारी एक जण, तिला शिवणताई. दुपारची ही वेळ पाचांनाही मोकळी, म्हणून जमलेलं.

त्या खेळात पडलेला गडी आपला आपण उठत नसे. वैद्याने जवळ जाऊन त्याच्यावर चाळीस सेकंद बोट धरून ठेवायचं. बोट उचललं की पुन्हा एकपासून. तोवर बाकीच्यांनी दाराशी उभं राहून राखण करायची.

टँकरवाला सगळ्यात जास्त पडायचा. "वैद्यबुवा, मेलो हो!"

"मेला नाहीस, आडवा झालायस. गप पड."

आणि त्या चाळीस सेकंदांत बोलणं व्हायचं. दुसरं करायला काही नसायचंच. शिवणताईने नवरा सोडून गेल्याची हकीकत चाळीस-चाळीस सेकंदांच्या हप्त्यांत सांगितली, दोन महिने पुरली. बाईंचा गुडघा, टँकरवाल्याचा भाऊ, वॉचमनची मुलगी भांडून माहेरी आली ते. काटेवाला स्वतः फारसं बोलत नसे. बोट दाबून ऐकत असे. मध्येच भोंगा वाजला की म्हणायचा, "थांबा, गाडी आली."

"जा, पावती फाडून ये," बाई म्हणायच्या. "आम्ही कुठे पळतोय?"

परत येऊन तो पुन्हा एकपासून बोट धरी. चौघं थांबलेले असत. आयुष्यात त्याच्यासाठी थांबणारी माणसं ती एवढीच.

मग एक दिवस खेळ उघडल्या उघडल्या समोर निळी बाटली आली. पडलेल्याने ती प्यायली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उभा. किंमत दोन कप चहाची.

सगळ्या खेळाडूंत बोंब उठली. टँकरवाला तर चवताळलाच. "आधी टोप्या विकल्या. म्हटलं, नटायचं तो नटेल. मग घोडे विकले. म्हटलं, पळायचं तो पळेल. आता मरायचेही पैसे?"

"मरायचं फुकटच आहे," वॉचमन म्हणाला. "उठायचे घेतात."

"आणि बघाच तुम्ही," बाई म्हणाल्या, "पुढचा राक्षस दुप्पट तगडा येईल. बाटली खपायची तर माणसं पडायला नकोत?"

तसंच झालं. नवा राक्षस आला तो एका फटक्यात दोघांना लोळवणारा.

बाईंनी कंपनीला तक्रार लिहिली, मुद्देसूद, खाली पाचांची नावं. टीमने शपथही घेतली: बाटली विकत घ्यायची नाही. घेईल त्याने टीममधून चालतं व्हायचं. काटेवाला त्या दिवशी घरी आला तो शीळ घालत. बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, दिवसभर उभी. ती पाय चोळत म्हणाली, "पगार वाढला वाटतं?"

"नाही. शपथ घेतली."

"दारूची? तू पितोस कधी?"

आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. आणि झालेल्या त्रासाबद्दल, तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला तीन निळ्या बाटल्या भेट.

सगळे खो खो हसले. काटेवालासुद्धा.

त्याच आठवड्यात टँकरवाला पडला. ह्याने बोट धरलं. सत्तावीसपर्यंत आला आणि भोंगा वाजला. "थांबा, गाडी आली." गाडीचं मागचं चाक पाटाच्या बाहेर. हा खाली उतरला, ड्रायव्हरला मागे घे, पुढे घे केलं. ड्रायव्हर म्हणाला, "अर्ध्या चाकाने काय फरक पडतो?" ह्याने समजावलं, वजन घेतलं, शिक्का मारला. पाच मिनिटं गेली. केबिनीत येऊन बघतो तर टँकरवाला उभा, राक्षस अर्धा मेलेला, आणि चौघं पार पुढे गेलेले.

"विकत नाही घेतली हां, वैद्यबुवा," टँकरवाला म्हणाला. "फुकटातली होती."

"शपथ विकत घ्यायची नाही अशी होती," शिवणताई म्हणाली.

बाई राक्षसावर वार करत राहिल्या.

"बरोबर आहे," काटेवाला म्हणाला. राग यायला हवा होता, आला नाही. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पायाचं होतं तसं काहीतरी झालं. आपलाच पाय, पण चिमटा काढला तरी कळू नये.

भेटीच्या तीन बाटल्या संपून महिना झाला तरी टँकरवाला उठतच होता. शिवणताई उठत होती. वॉचमन उठत होता. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी टीममधून चालतं झालं नाही. एकदा बाई पडल्या. हा धावत गेला, बोट धरलं. पाचावर बाई ताडकन उभ्या.

"पडून राहवत नाही रे," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखतो."

मोबाईलमधल्या बाईचा कसला गुडघा, असं टँकरवाल्याने एरवी म्हटलं असतं. तो पुढे लढत होता.

बोलणं बंद पडलं. भांडण नव्हतं, सवडच उरली नव्हती. वॉचमनच्या मुलीचं पुढे काय झालं ते काटेवाल्याला कळेना. विचारावं तर कधी? सगळे धावत असायचे.

मग बाईंनीच विषय काढला. "तू तलवार का घेत नाहीस? रूप बदलायची सोय आलीय."

"फुकट?"

"फुकट कसलं! नाहीतर पहिल्या पायरीपासून चढावं लागेल." बाई जरा अडखळल्या. "आपला माणूस म्हणून सांगते. पुढच्या गुहेला पाच तलवारी लागतात. टँकरवाल्याचा मेव्हणा यायचं म्हणतोय. तू बदललास तर प्रश्नच नाही. शनिवारपर्यंत सांग."

त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घे की मग. वर्षात स्वतःसाठी चप्पलसुद्धा घेत नाहीस. घे एक तलवार."

"पैशाचं नाही."

"मग कशाचं?"

तो मोबाईल चार्जिंगला लावायला उठला. ती भांडी घासायला गेली.

शनिवारी दोनला त्याने रूप बदलायचं पान उघडलं. तलवारवाला दिसायला झकास होता, खांदे बिंदे. पैसे भरायच्या बटणाशी अंगठा नेला. घेतली तलवार तर टीम राहील. रोज दोन ते साडेतीन आपणही त्यांच्यासारखेच धावू, पडू, बाटली पिऊ, उठू. एवढं त्याला स्वच्छ दिसलं. त्याने अंगठा मागे घेतला.

"बाई, मी बाहेर बसतो," तो म्हणाला. "मेव्हण्याला घ्या."

"अरे, तसं नको रे," बाई म्हणाल्या. "वाटेल तेव्हा ये. आपलीच टीम आहे."

"हो."

"वैद्यबुवा, रागावलात काय?" टँकरवाला.

"नाही रे."

जायच्या आधी त्याने वॉचमनला विचारलं, "मुलगी गेली का परत नांदायला?"

"काय?" वॉचमनच्या मागे तलवारींचा खणखणाट चालला होता. "काय म्हणालात?"

"काही नाही. खेळा."

त्याने टीम सोडायचं बटण दाबलं. खेळाने दोनदा विचारलं, नक्की ना? त्याने दोनदा हो म्हटलं. त्याचा वैद्य गुहेच्या तोंडाशी एकटा उभा राहिला. थोड्या वेळाने टँकरवाल्याचा मेव्हणा आला आणि पाच जण आत शिरले. बाहेरून ते मुंगीएवढे दिसत होते. एक पडला. काटेवाल्याचा अंगठा हलला.

तोवर तो उठलासुद्धा होता.