नत्थूजींची शिंक

नंदनवनात नत्थूजींच्या मसाला चक्कीसमोरून शिंकल्याशिवाय कोणी पुढे गेलं तर शप्पथ! नत्थूजी मात्र त्या ठसक्यात मजेत उभे असायचे. धणे, खसखस, दगडफूल, काय केव्हा कढईतून उतरवायचं ते नाकानंच ठरवायचे. गावभरच्या बायका मसाला त्यांच्याचकडे आणत.

मग त्यांना बाजूचं दिसेनासं झालं. तपासलं तर मेंदूच्या खाली गाठ, डोळ्यांची नस दाबणारी. ती म्हणे नाकातून काढतात.

"दुखणं डोळ्याचं अन् नाक काहून?" त्यांची बायको गोपिका डॉक्टरांवरच उखडली होती.

ऑपरेशनमध्ये नको ते झालं. गाठीला खेटूनच मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, तिलाच इजा झाली. रक्त थांबेना. डॉक्टरांनी नाकात पट्ट्या कोंबून ती दाबून धरली, मांडीतल्या नसेतून तार नेऊन त्या वाहिनीत आतून जाळी बसवली, तेव्हा कुठं माणूस हाती लागला. घरी सोडताना बजावलं, "नाक शिंकरायचं नाही, जोर लावायचा नाही. शिंक तर येऊच देऊ नका. जखम पुन्हा फुटली तर कठीण आहे."

झालं! गोपिकेच्या जिवाला घोर लागला. चक्कीला कुलूप. घरात फोडणी बंद, उदबत्ती बंद, झाडूसुद्धा ओला करून. शेजारच्या सुहासिनीच्या खिडकीत जाऊन ती रोज ओरडायची, "मिरची टाकू नको वं बाई, हात जोडते!" नत्थूजींनी नाकाकडे बोट नेलं की ही हात धरायला धावे. तेही बिचारे पिंजऱ्यातल्या वाघासारखे घरभर येरझारा घालत.

"बिनफोडणीचं वरण! यापेक्षा दवाखाना बरा होता."

"गप बसा! जीव वाचला ते पाहा ना."

शेवटी फेरतपासणी झाली. जाळी पक्की बसली होती, नजरही सुधारली होती. डॉक्टर हसून म्हणाले, "आता खुशाल शिंका." नत्थूजींनी घरी येताच कुलूप काढलं. गोपिकेचा काही विश्वास बसेना, पण त्यांच्या हट्टापुढे तिनं कढई चढवून मिरची टाकली.

धूर उठला अन् नत्थूजींचं तोंड वासलं. आँ... आँ... गोपिका धावलीच. दणदणीत शिंक! तिनं पदर त्यांच्या नाकाला लावला, उलटसुलट करून पाहिला. रक्ताचा थेंब नाही. देवा रे! ती रडायलाच लागली, हसायलाही लागली.

"अवो, मिरची जळून राहिली! इतका वास सुटला, उतरवा ना!"

"जळून राहिली?" नत्थूजींनी विचारलं. मग कढईवर वाकले. दगडफुलाची मूठ नाकाशी धरली. पुन्हा धरली. हळूच खाली ठेवली.

"मले वाटे, घरात मसालाच नाही म्हणून वास येत नाही."

गोपिकेचं हसू विझलं. पदर तोंडाला लावून ती पुन्हा रडली. मग कढई पुसून तिनं धणे टाकले अन् झारा त्यांच्या हातात दिला. "परता तुम्ही. केव्हा उतरवायचं ते सांगते न मी."

नत्थूजी परतू लागले. "आता?"

"थांबा."

"आता?"

गोपिकेनं श्वास ओढला. रडून रडून तिचंही नाक पार चोंदलं होतं.

"थांबा जरासे," ती म्हणाली, "मले आधी नाक शिंकरू द्या."