बाटलीतला नमुना

"आज वर्गात दोन नमुने आलेत," सर म्हणाले. "एक बाटलीत. आणि एक बाटली धरून उभा."

वर्ग हसला. मी बाकावर उभा होतो. हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, तिच्यात घरचं पाणी. आईने ती राखेने घासून उन्हात वाळवून दिली होती. विज्ञानाच्या सरांनीच सांगितलं होतं, प्रत्येकाने घरून पाण्याचा नमुना आणायचा, लिटमस कागद बुडवून बघायचा. मी सातवीत होतो. आम्ही कोपरीत राहायचो.

"कुठलं पाणी हे?"

"आमच्या नळाचं, सर."

"तुमच्या म्हणजे?"

आम्ही बौद्ध. वर्गाला ते माझ्या आडनावावरून ठाऊक होतं, सरांनाही. बाकावर मला त्यांनीच चढायला लावलं होतं, सगळ्यांना दिसावं म्हणून. नंतर मॉनिटरला म्हणाले, "याचं ओत बाहेर." मॉनिटरने खिशातून रुमाल काढला, रुमालाने बाटली धरली आणि पाणी खिडकीतून ओतलं. माझ्या वाटचा लिटमसचा कागद सरांनी पुन्हा डबीत ठेवला. कोरडा.

साध्या पाण्याने लिटमसचा रंग बदलत नाही, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी वर्गात सगळ्यांचा निळा कागद निळाच राहिला. माझाही निळाच राहिला. पण सगळ्यांचा ओला होता.

त्यानंतर मी प्रयोगशाळेला घाबरायला लागलो. परीक्षानळी धरली की हात कापायचा. कुणीतरी मागून "नमुना" म्हणेल असं वाटायचं, आणि म्हणायचेही. मधल्या सुट्टीत, कबड्डीत, घरी जाताना. गणिताची भीती मात्र कधी वाटली नाही. सात आणि आठ पंधराच होतात, मांडणारा कुणीही असो. दहावीनंतर विज्ञान सोडलं. आवडत नव्हतं म्हणून नाही. प्रॅक्टिकलला कुणासमोर तरी उभं राहावं लागतं म्हणून. आता वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स बघतो. आकड्यांचं काम. बरं चाललंय.

राहायला दिव्याला. बिल्डिंगला नळ आहे, नळाला पाणी नाही. टँकर येतो. मुलगी नववीत आहे, डोंबिवलीच्या शाळेत जाते. तिला विज्ञान आवडतं. ती पुस्तक मोठ्याने वाचते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकतो. संपृक्त द्रावण. अन्नसाखळी. जैविक विघटन. तिच्या तोंडून हे शब्द ऐकताना मला बरं वाटतं आणि भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी.

यंदा तिच्या शाळेत दोन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन होतं. विषय, पाणी आणि पर्यावरण. शाळेने मुलांना छोट्या बाटल्या दिल्या होत्या. बाटलीच्या तळाशी औषध असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेला ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असेल तर ते काळं पडतं. नसेल तर पिवळसर राहतं. मुलीने त्या सकाळी टँकर आल्यावर बाटली भरली आणि रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवली. त्या रुमालाकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

पालकांना बोलावलं होतं. अर्धी रजा टाकून गेलो.

हॉलमध्ये दोन टेबलं. पहिल्यावर पांढरं कापड, बाटल्या, वर तक्ता: "सुसंस्कृत घर, स्वच्छ पाणी". दुसऱ्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं, बाटल्या, वर तक्ता: "अस्वच्छ सवयी, दूषित पाणी". दुसऱ्या टेबलामागे माझी मुलगी उभी होती. तिच्या बाटलीवर लेबल होतं: "वस्ती. दूषित". टेबलाच्या कडेला रबरी हातमोजे ठेवले होते. पहिल्या टेबलावर हातमोजे नव्हते.

विज्ञानाच्या मॅडम पाहुण्यांना फिरवत होत्या. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक साहेब होते, मागे चार-पाच पालक.

"साहेब, इथे हात नका लावू," मॅडम म्हणाल्या. "आणि ही आमची विद्यार्थिनी. हिच्याच घरचा नमुना आहे."

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"अरे वा. नमुना हजर आहे."

पालक हसले. दुष्टपणाने नाही. लग्नात हसतात तसे. मुलगीही थोडी हसली, कारण मोठी माणसं हसत होती. ते हसू मी ओळखलं. बाकावर उभा असताना मीही तसाच हसलो होतो.

पाय दाराकडे वळत होते, खरंच. बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि सातवीतली भीती तशीच, त्याच जागी. त्यात नवी एक. प्रॅक्टिकलचे मार्क या मॅडमच्या हातात. पुढच्या वर्षी दहावी. मी तोंड उघडलं तर किंमत मुलगी मोजणार.

पाहुणे पुढे सरकल्यावर मी तिच्याजवळ गेलो. तिने हळूच सांगितलं, "पप्पा, प्लीज काही बोलू नका."

"तुला हे लेबल चालतं?"

"नाही ना. पण बोलू नका."

मी बाटलीकडे पाहिलं. पाणी पिवळसर होतं. शेजारच्या बाटल्यांतलंही. पहिल्या टेबलावरचंही तसंच. सगळं सारखं.

"हे आज सकाळीच भरलंय ना?" मी विचारलं.

"हो. निकाल उद्या. मी मॅडमना म्हटलं, लेबल उद्या लावूया. त्या म्हणाल्या, मग आज पाहुणे काय बघणार?"

माझ्या आधी तिने विचारलं होतं. एकटीने, मार्क ज्यांच्या हातात त्यांनाच. आणि मी दाराकडे बघत होतो.

मॅडम परत आल्या तेव्हा मी आडवा उभा राहिलो. आवाज कापत होता, तो लपवला नाही.

"मॅडम, प्रयोग व्हायच्या आधी निकाल कसा लागला?"

"अहो, ते डेमोसाठी आहे. आणि निकाल काय येणार हे आपल्याला माहीतच आहे ना? तिकडच्या भागातलं पाणी."

"मग प्रयोग कशाला करायचा?"

"तुम्ही विनाकारण पर्सनल घेताय."

"नमुना पाण्याचा आहे, मॅडम. माझी मुलगी नमुना नाही. लेबल काढा."

त्यांनी काढलं नाही. मग मी काढलं. ओल्या डिंकाचं होतं, सहज निघालं. ते खिशात टाकलं. मुलीचं तोंड पांढरं पडलं होतं. घरी जाताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली.

त्या संध्याकाळी घरातलं सगळं पाणी उकळलं. आता निराळीच भीती होती. पाणी काळं पडलं तर? मॅडम खऱ्या ठरतील. सगळे म्हणतील, बघा, उगाच भांडायला आला होता. पाणी चांगलं निघावं असं मनापासून वाटत होतं. आणि त्याच वाटण्याची मला भीती वाटली. म्हणजे चांगलं निघालं तरच आम्ही माणसं? काळं पडलं तर माझ्या मुलीने पुन्हा बाकावर चढायचं? तेव्हा कळलं, मी अजून सरांच्याच वर्गात बसलो होतो. बाटली आणि बाटली धरणारा, दोघांना एकच समजणाऱ्या वर्गात.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी शाळेत गेलो. मुलगी सोबत.

आमची बाटली काळी पडली होती. शाईसारखी.

पहिल्या टेबलावरच्या सगळ्या पिवळसर.

मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बघा. मी काय म्हणत होते? घरात टाकी झाकायची नाही, भांडी धुवायची नाहीत, मग असंच होणार."

हेच पाणी आम्ही प्यायलो होतो. मुलगी प्यायली होती. गेल्या महिन्यात तिचं पोट बिघडलं होतं, तेव्हा मी तिला वडापाववरून बोललो होतो.

मुलगी बाटलीकडे बघत होती. घाबरलेली होती, पण नजर हलवत नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "हे टाकीतलं नाहीये. मी टँकरच्या पाईपमधून घेतलं. आमच्या घरात पोचायच्या आधी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"लेबलवर लिहायला जागाच नव्हती. तिथे फक्त वस्ती लिहिलेलं."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे. आता बाटली बाजूला ठेव, दहाला पाहुणे येतील. टँकरचं पाणी या तक्त्याखाली बसत नाही. ओतून टाक ते."

ओतून टाक. इतक्या वर्षांनी, तेच.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. तिने बाटली उचलली. हातमोजे न घालता. पेन मागून घेतलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: "टँकरचं पाणी. दिवा. पाईपमधून घेतलेलं. काळं पडलं." कागद बाटलीला चिकटवला आणि बाटली वर्तमानपत्रावरून उचलून पांढऱ्या कापडावर ठेवली, सगळ्यांच्या मधोमध.

"तुझे मार्क मला द्यायचेत, लक्षात ठेव," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम," ती म्हणाली. आवाज कापत होता. माझ्यासारखाच.

मार्क अजून कळलेले नाहीत. कमी पडतील, असं मी धरून चाललोय. तसं झालं तर का पडले ते लेखी मागेन, आणि मागताना माझे हात कापतील. कापू देत. बिल्डिंगमधल्या लोकांना ती बाटली दाखवली आहे. पुढचा टँकर येईल तेव्हा पाईपखाली दुसरी बाटली धरायला मी उभा असेन, आणि निकाल लागला की ती घेऊन वॉर्ड ऑफिसात जाईन. तिथेही कुणी म्हणेल, काय नमुना आलाय. म्हणू दे.

भीती गेलेली नाही. पण आता ही बाटली कुणालाही खिडकीबाहेर ओतू देणार नाही.