लेम्पीच्या मेपलला लटकल्याशिवाय कॉफी नाही

आमच्या कॅम्पात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक तमाशा असतो. दारासमोरच्या मेपलच्या आडव्या फांदीला दोर बांधलेला. प्रत्येकाने छाती-मांड्यांचे पट्टे आवळून, ते त्याला अडकवून पाय जमिनीवरून उचलायचे, लटकायचं आणि कुणाचा हात न धरता स्वतःला सोडवून घ्यायचं. तोवर कॉफीचा मग मिळायचा नाही. हा कायदा लेम्पी निस्कलाचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला. पट्टा, नट, बोल्ट दिसला की तो ओढून पाहिल्याशिवाय तिला पुढे जाताच येत नाही.

लोक हसायचे. वाळत घातलेल्या चड्ड्या म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. गिरणीत मशीनला जाळी बसवून घ्यायला मी मालकांशी भांडलो, तेव्हा हेच लोक माझ्या मागे उभे होते. पण शिकारीला झाडावर चढताना बांधून घे म्हटलं की यांची मर्दानगी दुखावते. आमच्याकडे मोसमात झाडावरून पडून कुणाचा ना कुणाचा कणा मोडतोच. बातमी आली की हे मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी तसेच मोकळे वर चढतात.

सगळ्यांत हट्टी तिचा थोरला भाऊ, रेनो. त्यांच्या बापाने हेमलॉकच्या झाडाच्या बुंध्यावर खिळ्यांनी फळ्या ठोकून मचाण केलं होतं. रेनो त्याच्यावरच बसायचा, बिनपट्ट्याचा. फळ्या काळ्या पडल्या होत्या, खिळे गंजले होते. लेम्पी दर वर्षी विनवायची आणि हा दर वर्षी तेच उत्तर द्यायचा, की बाप पडला नाही, मग मी कशाला पडेन. मग ती तोंड फिरवून चुलीशी जायची. आईवडील गेलेले, लग्न दोघांनीही केलं नव्हतं. रेनोशिवाय तिला कुणी नव्हतं.

त्या वर्षी तिचा खांदा धरला होता. तिचं मचाण रेनोनेच बांधून दिलं. लोखंडी फळी, तिला बुंध्याशी आवळून धरणारा रुंद पट्टा, चढायला पायऱ्या. प्रेमाने केलं बिचाऱ्याने. पण सकाळभर तो तळ्यातले मासे मीठ लावून पिंपात भरत होता आणि तेच खारट हात घेऊन रानात गेला. आमच्या रानातलं साळिंदर मिठासाठी कुऱ्हाडीचा दांडासुद्धा कुरतडतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लेम्पीने त्या संध्याकाळी पट्टा ओढून पाहिला, तेव्हा तो धड होता. साळिंदर नंतर आलं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी दुपारी ती चढली. बुंध्याला वर बांधून खालपर्यंत सोडलेल्या दोराला तिच्या अंगावरच्या पट्ट्यांची सरकती गाठ पहिल्या पायरीपासून अडकवलेली होती, नेहमीसारखी. बंदूक रिकामी करून खाली बर्फावर ठेवली होती. वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची, हाही तिचाच कायदा. बुंध्यामागे जाऊन फळीचा पट्टा मात्र तिने पुन्हा पाहिला नाही. फळीवर पाय ठेवला आणि फळी गेली.

पुढचं तिने मला सांगितलं ते असं. आधी दणका, मग मांड्यांत पट्टे रुतले, मग सगळं गप्प. तसं नुसतं लोंबकळत राहिलं तर पायांतलं रक्त वर येत नाही, माणूस बेशुद्ध होतो आणि बांधलेल्या बांधलेला मरतो. तिने खिशातून पट्ट्याचा फास काढला, दोराला अडकवला आणि त्यात पाय रोवून उभी राहिली. एकदा हा पाय, एकदा तो. दुखऱ्या खांद्यामुळे पायरीपर्यंत झोका घेता येईना. शिट्टी तोंडात धरली.

आणि तेवढ्यात झाडांतून हरणाचा नर आला. एवढ्या वर्षांत एवढी शिंगं तिने पाहिली नव्हती. तो सरळ तिच्या खाली आला. बंदूक हुंगली. मग मान वर करून तिच्या बुटांकडे पाहत राहिला. त्याच्या नाकपुड्यांतली वाफ तिच्या तळव्यांच्या दिशेने चढत विरत होती. शिट्टी ओठांत होती, पण तिला वाजवता येईना.

"जिवाची भीती होती गं तुला?" माझ्या बायकोने नंतर विचारलं.

"होती ना. पण त्याला हाकलायचं माझ्या जिवावर आलं," लेम्पी म्हणाली.

तो आपण होऊन गेला, तेव्हा तिने शिट्टी फुंकली. बापाच्या फळ्यांवरून उतरून रेनो धावत आला. मी दुसऱ्या बाजूने पोचलो तेव्हा तो तिच्या पायऱ्यांवर एक पाय टाकून उभा होता आणि वरून ही लोंबकळणारी बाई त्याच्यावर डाफरत होती.

"पट्टा नसेल तर वर यायचं नाही."

"अगं मरशील."

"तू पडलास तर मला इथून बघत बसावं लागेल. पिशवीत दुसरा पट्टा आहे. घाल."

माझा पट्टा बांधलेलाच होता, म्हटलं मी चढतो. रेनोने मला हाताने मागे सारलं. तो चढला नाही, पिशवीकडे गेला. सत्तरीचा माणूस, त्याला पट्ट्याचं उलटसुलट कळेना. तिने एक एक करून वरून सांगितलं. मांडीचा आधी, मग छातीचा, आता ओढ, अजून ओढ. एकदा एका पायावर उभी राहून सांगायची, एकदा दुसऱ्यावर. पायांखालून जमीन गेलेली बाई जमिनीवरच्या माणसाला बांधत होती. मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, मोठमोठी माणसं बोलताना ऐकली. तसा आवाज ऐकला नाही.

तो बांधून वर गेला, तिचे पाय धरून पायरीवर टेकवले. दोघं खाली आल्यावर त्याने बुंध्यामागचा पट्टा पाहिला, कुरतडलेली टोकं बोटांनी चाचपली आणि एक बोट जिभेला लावलं. खारट. मग बर्फात बसला. त्याच्या भोवती त्या नराच्या खुरांचे ठसे होते, ती लटकली होती तिथे वाटोळे फिरलेले. तिने त्याच्या टोपीवर हात ठेवला.

पुढच्या मोसमात मेपलखाली पहिला नंबर रेनोचा. त्याने कुणाकडे न बघता पट्टे आवळले आणि पाय उचलले. मी म्हटलं, "काय रे रेनो, वाळलास का?" त्याने मला फिनिश भाषेत एक शिवी हासडली आणि तसाच लटकून हेमलॉकच्या दिशेने बघत राहिला. बापाच्या फळ्या त्याने आदल्या दिवशी स्वतः उतरवल्या होत्या.

लेम्पी कॉफीचा मग घेऊन उभी होती.

"पाय हलव रेनो," ती म्हणाली.

त्याने हलवले.