काहिलीच्या जोडाचा गंज

शेडमध्ये भंगार साठतं तसे किस्से साठतात. भंगार निदान विकता येतं. हे किस्से आठवले की अजून डोकं फिरतं!

मलकापुरात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. आम्ही गुऱ्हाळासाठी स्टीलच्या काहिली बनवतो. काहिलीत उसाचा रस उकळतो आणि खाली चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस जाळ घालत बसतो. काहील फुटली तर तो भाजतो. हे ध्यानात ठेवून काम करा, एवढीच माझी अट.

माझा वेल्डर बापू. जोड मारला की लगेच थंड करायचा, हा शेडचा नियम. हा गडी तापलेल्या जोडावर चहाचं पातेलं ठेवायचा! चहा निवला की जोडाला खालून परत गॅसचा जाळ. मी ओरडलो तर म्हणतो, "आवं अण्णा, च्या प्या की! स्टीलला काय हुतंय?"

काय होतं? स्टील आतून दाणेदार असतं, गुळाच्या ढेपेसारखं. एका इंजिनिअरनं मला तुकडा मोडून दाखवला होता. जोडाजवळचा भाग फार वेळ लाल राहिला की दाण्यांच्या कडा कमजोर होतात. गंज त्या कडांतून आत शिरतो. वरून सगळं चकाचक!

शिराळ्याचे गुऱ्हाळवाले संपतराव आमच्याकडून नेलेली काहील परत घेऊन आले. जोडाच्या बाजूनं तांबूस रेघ. मी जेवून येईतो बापूनं रेघेवर पॉलिश मारलं! संपतराव त्यात बघून मिशा पिळत होते. "आरसाच केला की रं!"

मी म्हणालो, "तोंड दिसतंय, आतलं दिसतंय का? ठेवा इथं. दुसरी देतो."

"सीझन तोंडावर आलाय, अण्णा." आणि घेऊन गेले!

मी फोन केला. म्हणाले, "चुंबक लावून बघितला. चिकटत न्हाई. म्हंजे स्टील अस्सल हाय."

"मग जाळ घालायला चुंबकालाच बसवा!" म्हणालो आणि फोन ठेवला.

गुऱ्हाळाच्या पहिल्या दिवशी बापूला घेऊन मीच शिराळ्याला गेलो. चुलवाणाशी संपतरावांचा मेव्हणा दगडू बसला होता. मी म्हणालो, "रस ओतू नका."

"आवं, आधी नारळ तर फोडू द्या!" म्हणत संपतरावांनी रिवाजाप्रमाणे काहिलीच्या काठावर नारळ आपटला. बरोबर जोडावर.

नारळ शाबूत. जोड बोटभर उघडला!

बापू पुटपुटला, "नारळ लय टणक निघाला."

दगडू उठला. नारळ उचलून त्यानं बापूच्या हातात दिला.

"गड्या, फुडची काहील ह्याचीच कर!"