माझा शुक्रवार जपणाऱ्या रेजिनाताई

जोआनाचा फोन आला तेव्हा मी अल ऐनच्या शाळेत लहान वर्गाला झोपवत होते. ओढलेले पडदे, गाद्यांवर पसरलेली मुलं, बाहेर उन्हानं पांढरी पडलेली दुपार. "ताई, ममा इज गॉन," एवढंच ती म्हणाली. रेजिनाताई आजारी आहेत हे मला ठाऊक होतं, मागच्याच महिन्यात मी त्यांना भेटून आले होते. तरीही त्या अर्ध्या अंधारात वाटलं, की हे सारं या मुलांच्या झोपेत घडतं आहे. ती जागी झाली की संपेल.

मी आजऱ्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पदवी मिळाली, नोकरी मात्र मिळेना. तेव्हा आमच्या कॉलेजातल्या एका बाईंनी त्यांच्या वसईच्या मैत्रिणीचं, रेजिनाताईंचं, घर सुचवलं. दुबईत नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, दोन मुलं. त्यांना सांभाळायचं, जमेल तसं मराठी शिकवायचं आणि त्यांच्याकडेच राहायचं. अल बर्शातल्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे एक बिनखिडकीची खोली होती. तिकडच्या बऱ्याच घरांत असते, कामवालीसाठी बांधलेली. रेजिनाताईंनी तिच्यात सुटकेसा आणि इस्त्रीचं टेबल भरलं, दोन्ही मुलांना एका खोलीत घातलं आणि खिडकीची खोली मला दिली. "माणूस आहे, सामान नाही," असं त्या नवऱ्याला, विल्फ्रेडसरांना, म्हणाल्याचं मी ऐकलं. त्या खिडकीतून शेख झायेद रस्ता दिसे. धुळीच्या दिवसांत रस्ता दिसेनासा होई आणि मेट्रो हवेतूनच तरंगत गेल्यासारखी वाटे. मी ती बघत बसायची. आपण खरंच इथं आहोत का, असं वाटत राही.

सुरुवातीला येईल-जाईल त्याला त्या कौतुकानं सांगायच्या, "ही वैशाली. आमच्या घरचीच आहे." ते ऐकून माझी मान ताठ व्हायची. घरचीच, म्हणून मी सकाळचे डबे करायची, संध्याकाळचा अभ्यास घ्यायची, आणि शुक्रवारी सगळे चर्चला गेले की जेवणाचंही बघून ठेवायची. तेव्हा तिकडे शुक्रवारची सुट्टी असे. मला कुणी काही सांगत नसे, पण कुणी थांबवतही नसे. एकदा जेवताना सात वर्षांची जोआना म्हणाली, "ममा, व्हेन इज ताईज वीकेंड?"

सर हसले. रेजिनाताईंचा घास हातातच राहिला. त्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या ड्यूट्या लावायच्या. कुणाची सुट्टी कधी, हे रोज त्याच ठरवायच्या. "हॉटेलभर लोकांच्या सुट्ट्या लावते मी," त्या पुटपुटल्या, "आणि माझ्याच घरात..."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "वैशाली, आजपासून तू घरची नाहीस."

मी उठायला लागले, तर त्यांनी हाताला धरून पुन्हा बसवलं.

"तू आमच्याकडे कामाला आहेस आणि इथं राहतेस. कामाच्या वेळा ठरवून टाकू. शुक्रवार तुझा. मी सासरी घरचीच होते गो, म्हणून सांगते. घरच्या बाईला सुट्टी कोण देतो?"

मी खोलीत जाऊन रडले. मला वाटलं, यांनी मला दूर केलं. संध्याकाळी त्यांनी हॉटेलातली 'त्रास देऊ नका'ची पाटी आणून माझ्या दाराला अडकवली. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर धाकट्या ईथननं दार न वाजवता दाराखालून चॉकलेटचा चपटा तुकडा आत सरकवला होता.

सुट्टीचं करायचं काय, हेच मला कळत नव्हतं. पहिले काही शुक्रवार मी मेट्रोत बसून शेवटपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. काचेबाहेरून बुरुज, क्रेन, रिकामी वाळू सरकत राही, आणि मध्येच आजऱ्यातला आमचा माळ डोळ्यांसमोर येई... रेजिनाताईंनीच विचारलं, "शिक्षिका व्हायचं होतं ना तुला?" दुबईच्याच देरा भागात शुक्रवारी दुपारी बालवाडी शिक्षिकांचा वर्ग भरायचा. तिथं माझं नाव घालायला त्या स्वतः आल्या. वर्गातून निघाले की मी खाडीकाठी लाकडी गलबतांची रांग, त्यांत चढणारी पोती बघत उभी राहायची. आपल्यालाही कुठंतरी जायचं आहे, असं तिथं पहिल्यांदा वाटलं.

वर्गाच्या शेवटी परीक्षकांसमोर एक पाठ घ्यायचा होता. तो चुकला तर सर्टिफिकेट नाही. नेमका त्याच शुक्रवारी ईथनचा वाढदिवस निघाला. सरांचे मोठे भाऊ आणि मॅगीवहिनी शारजाहून आले, आणखीही पाहुणे. मी खोलीत तक्ते गुंडाळत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"गो रेजी, मुलगी घरात आहे ना? मग तू कशाला भांड्यांत हात घालतेस?"

"आज तिचा शुक्रवार."

"शुक्रवार काय तिच्या एकटीचा आहे? एक दिवस केलं तर झिजेल काय? घरचीच तर आहे."

"घरची आपण होतो, मॅगीवहिनी. आठवतं ना? म्हाताऱ्या सासूनं नाताळात आपल्याला चुलीपाशी बसवलं आणि आपली ताटं आली तेव्हा मटणाचं सोरपोतेल संपलं होतं."

"रस्सा होता थोडा," मॅगीवहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या. पण वहिनींनी सोडलं नाही. "लाडावून ठेव. उद्या नोकरी लागली की जाईल सोडून. मग मला फोन करू नकोस."

"जाऊ दे ना. त्यासाठीच तर शिकतेय."

मला राहवलं नाही. तक्ते पलंगावर टाकून मी बाहेर आले. ओटा भांड्यांनी भरलेला, दिवसभर उभं राहून ताईंचे पाय सुजलेले. "मी पटकन करून जाते," मी म्हणाले. त्यांनी साबणाच्या हातानंच दाराकडे बोट दाखवलं. "तू आज हात लावलास तर पुढच्या शुक्रवारी मी कुणाला काय सांगू? यल्ला, निघ. पाठ चुकवलास तर बघ."

मी निघाले. त्या दिवशी मी पावसाचा पाठ घेतला, जिथं पाऊस क्वचितच पडतो अशा गावातल्या मुलांसाठी. तो चांगला झाला. वर्षभरात अल ऐनला नोकरी लागली आणि वहिनी म्हणाल्या होत्या तसंच झालं. मी गेले. मला सोडायला येताना रेजिनाताई गाडीत वाटभर माझ्या नव्या शाळेला किती सुट्ट्या आहेत तेच विचारत होत्या.

रेजिनाताईंचा देह वसईला नेण्याआधी घरी प्रार्थना ठेवली होती. मी अल ऐनहून गाडी घेऊन गेले. खोल्या माणसांनी भरल्या होत्या, माळ जपण्याचा एकसुरी आवाज भिंतींतून झिरपत होता. मला सोफ्यावर बसवलं, पाहुण्यासारखं. चहाचे कप फिरून रिकामे झाले. थोड्या वेळानं मी उठून स्वयंपाकघरात गेले. मॅगीवहिनी ओट्याशी एकट्याच उभ्या होत्या, कोपरापर्यंत साबण, डोळे लाल. माझी चाहूल लागताच त्यांनी वळून पाहिलं.

"तू कशाला आलीस आत? बाहेर बस जा. ती वरून बघत असली तर मलाच ओरडेल."

"वहिनी, मी आता त्यांच्याकडे कामाला नाही."

त्या थोड्या बाजूला सरकल्या. मी बाह्या वर केल्या आणि नळाखाली पहिला कप धरला.